शाबामामांची भिंत

आमच्या गावात कोण वारले हे भटजीच्याही आधी शाबामामांना कळायचे. बाराव्या दिवशी मयताच्या थोरल्या मुलाच्या डोक्यावर त्याच्या मामाने नवी टोपी घालायची ही आमच्याकडची रीत, आणि टोपी शिवणारा माणूस सगळ्या पंचक्रोशीत एकच उरला होता. त्यामुळे घरात रडारड सुरू असतानाच कुणीतरी मोटरसायकलवरून टोपीवाले आळीच्या कोपऱ्यावर येई आणि दारातूनच नाव सांगे. शाबामामा सुई बाजूला ठेवत. "बरो माणूस होतो," म्हणत, किंवा नुसतेच "हं" म्हणत. मयत माणूस कसा होता हे त्या दोन उत्तरांवरून ऐकणाऱ्याला कळे.

गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. डिचोलीकडून पेडण्याला जाताना लागणारे बाजाराचे गाव, एवढे पुरे. ज्यांना ओळखायचे ते ओळखतील.

एके काळी या आळीत टोप्या शिवणारी बारा घरे होती. भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळ्या मखमली टोप्या, दुकानदारांच्या तपकिरी, शाळेतल्या पोरांच्या पांढऱ्या. हळर्णपासून सावंतवाडीपर्यंतच्या जत्रांत इथला माल जाई. मग माणसांनी टोप्या घालणे सोडले आणि बारा घरांतली अकरा घरे खाणीवर, ट्रकवर, वास्कोच्या बंदरात गेली. धंद्याची खूण राहिली ती पाट्यांवर. आळीच्या तोंडाशी, शाबामामांच्या घराच्या कोपऱ्यात, पांढऱ्या फरश्यांवर निळ्या अक्षरांची पोर्तुगीज पाटी भिंतीतच बसवलेली होती: 'रुआ दुश बार्रेतैरुश', म्हणजे टोपी करणाऱ्यांचा रस्ता. पोर्तुगीज गेल्यावर कुणीतरी तिच्याखाली चुन्यावर तांबड्या रंगाने 'टोपीवाले आळी' असे लिहिले. मागच्या विहिरीवर पत्र्याचा एक तुकडा होता, त्यावर 'टोपीचे कापड येथेच धुवावे' अशी अक्षरे गंजातून दिसत. त्या विहिरीवर आता कुणी काहीच धूत नव्हते. पाणी खाणीने पळवले होते.

शाबामामा लहान चणीचे, काळेसावळे, पाठीत किंचित वाकलेले. घरात लाकडी कलबूत ओळीने मांडलेले असत. कलबूत म्हणजे डोक्याच्या आकाराचा, मापाचा आकडा कोरलेला ठोकळा. त्यावर टोपी चढवून वाळवायची. पहिल्यांदा आलेल्याला वाटे की भिंतीकडे तोंड करून माणसे बसली आहेत.

मापाची फीत त्यांनी कधी वापरली नाही. कागदाची पट्टी कपाळाभोवती फिरवायची, जिथे मिळेल तिथे नखाने फाडायची, त्यावर नाव लिहून खिळ्याला अडकवायची. अशा शेकडो पट्ट्या त्या खिळ्यावर होत्या. हा कागद आमच्या घरून जाई. माझ्या बाबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात पत्रके छापायची, हा त्यांचा जन्मभराचा उद्योग. खाणीच्या धुळीविरुद्ध, विहिरी आटल्या त्याविरुद्ध, शेतात चिखल उतरला त्याविरुद्ध. मी अक्षरे गिरवायला शिकले ती त्याच पत्रकांच्या पाठीवर. वाटून उरलेला गठ्ठा शाबामामांकडे जाई. ते त्याच्या पट्ट्या करत, आणि राहिलेले कागद चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून टोपीच्या आतला ताठ पुठ्ठा तयार करत.

"तुझ्या बापाशीची पत्रकां कोण वाचीत नाय," ते मला म्हणत, "पण डोक्यार घेवन सगळे फिरतत. भाटकारय फिरता."

बाबांना हे फार आवडे. भाटकार बाजारातून गेला की ते माझ्या कानाशी कुजबुजत, "बघ, धुळीविरुद्धचे पत्रक चालले."

स्वतःची टोपी शाबामामा घराबाहेर कधीच काढत नसत. देवळातसुद्धा. टोपी हातात घेऊन उभा असलेला माणूस काहीतरी मागायला आलेला असतो, असे त्यांचे मत होते. "आणि माका कोणाकडसून काय नको." सरकारी ओळखपत्राचा फोटो काढायला डिचोलीला गेले तेव्हा यंत्रामागची मुलगी म्हणाली, "आजोबा, टोपी काढा."

"कित्याक?"

"फोटोत तोंड दिसाक जाय."

"तोंड टोपयेखाली आसता गो बाय. टोपयेत नसता."

रांग खोळंबली. मागचे लोक हसू लागले. साहेब आला, नियम सांगू लागला. शाबामामांनी त्याच्या कपाळाकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, तुमचां माप साडेएकवीस. उजवे बाजून हाड मातशे वर आसा. टोपी घातलास तर शोभतलात." शेवटी टोपी किंचित मागे सरकवायची या तडजोडीवर फोटो निघाला. त्या फोटोत शाबामामा गुन्हेगारासारखे दिसतात आणि साहेब, असे म्हणतात, अजून कपाळ चाचपतो.

इतके हसण्यासारखे मला आठवते. पुढचे तसे नाही.

त्यांचे घर भाटकाराच्या जमिनीवर होते. अशा माणसाला आमच्याकडे मुंडकार म्हणतात: जमीन दुसऱ्याची, त्यावर स्वतः बांधलेले घर, पिढ्यान् पिढ्या वस्ती. कायद्याने मुंडकाराला घराचा हक्क मिळतो, पण घर जुने आहे हे दाखवावे लागते. शाबामामांच्या आज्याने भाटकाराच्या शब्दावर चिऱ्यांच्या भिंती उभ्या केल्या होत्या. शब्दाला कागद नसतो. म्हातारा भाटकार गेल्यावर त्याच्या पुतण्याने सगळी आळी एका बिल्डरला विकली आणि मामलेदार कचेरीत लेखी दिले की हे घर अलीकडचे, बेकायदा बांधलेले आहे.

शाबामामा घाबरले नाहीत. कोपऱ्यावरच्या पाटीला हात लावून म्हणाले, "ही पोर्तुगेजांनी लायल्ली. भिंत नसती तर पाटी वाऱ्यार लायली आसती?" वकिलाचेही तेच मत पडले. कागद नसले तरी चालेल, अधिकारी जागा बघायला येतील तेव्हा ही पाटी दाखवायची. भिंतीत बसवलेल्या त्या फरश्या, एवढाच त्यांचा पुरावा.

त्याच वर्षी संदेश गेला. शाबामामांचा एकुलता मुलगा. एक मुलगी होती, ती दोडामार्गला दिलेली. संदेश टोप्या शिवत नसे. पहाटे सायकलवरून बेकरीचे पाव विकायचा आणि दिवसभर बाबांबरोबर पत्रके वाटायचा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. खनिजाचे ट्रक शाळेवरून जातात म्हणून गाव रस्त्यावर बसले होते, तेव्हा मागे घेत असलेल्या एका ट्रकखाली तो सापडला. चालकाला मागे बसलेले कुणी दिसले नाही, असे कागदोपत्री आहे. चाळीस माणसे बसली होती.

संदेशचे लग्न झाले नव्हते. त्याच्या बाराव्याला टोपी घालायला कुणाचेच डोके नव्हते. मुलाची टोपी बापाला घालत नाहीत. शाबामामांनी तरीही त्याच्या मापाची एक शिवली आणि कलबुतावर चढवून ठेवली. ती तिथून कधी उतरली नाही. लोक भेटायला येत, तिच्याकडे बघत आणि दुसरीकडे बघत.

आणि मी पत्रक लिहिले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मला झोप लागत नव्हती आणि माझ्या हातात दुसरे काही नव्हते. मी लिहिले की धंद्याच्या आणि जातीच्या नावांनी गल्ल्या ओळखण्याचे दिवस संपले; ही आळी यापुढे संदेशच्या नावाने ओळखली जावी. शेवटची ओळ ठळक छापली: 'या नावाला जो हात लावील त्याला हे गाव माफ करणार नाही.' बाबांनी घरातला सगळ्यांत जाड कागद काढून दिला. दोन दिवसांत ते पत्रक गावातल्या प्रत्येक घरात होते. या वेळी लोकांनी ते वाचले.

ग्रामसभेला जागा पुरली नाही. मी ठराव वाचला. भाटकाराचा पुतण्या पुढच्याच खुर्चीवर बसला होता. त्याने उठून अनुमोदन दिले. "संदेश आमचोच भाव," म्हणाला. नव्या दगडी पाटीचा खर्च त्याने स्वतःवर घेतला. मला वाटले, आपल्या लेखणीने भाटकारालाही वाकवले. इतकी मी मूर्ख होते.

मागून शाबामामा उठले. टोपी डोक्यावर, हात पाठीमागे.

"पोराचां नाव दितास तर त्या रस्त्याक द्या, जंय तो मेलो," ते म्हणाले. "हय नको. हय तो जन्माक इलो."

त्या रस्त्याला त्याचे नाव द्यायची हिंमत सभेत कुणाचीच नव्हती. माझीही नव्हती, कारण मला ते सुचलेच नव्हते.

"आणि ती पाटी हालवू नकात. ती माझ्या घराची साक्ष आसा. ती गेली की मी गेलंय."

"शाबामामा, पाटी खंय जाता?" पुतण्या प्रेमाने म्हणाला. "नवी सकयल लायतले. जुनी वयर आसतली."

बायका रडत होत्या. कुणीतरी संदेशच्या नावाने घोषणा दिली. हात वर झाले, माझा सगळ्यांत आधी. शाबामामा खाली बसले. म्हातारा दुःखाने भांबावला आहे, असे शेजारचा म्हणाला आणि मी मान हलवली. ती मान हलवणे मी विसरू शकत नाही.

दगड बसवायला माणसे आली त्या दिवशी शाबामामा हळर्णला एका घरी टोपी पोचवायला गेले होते. बाराव्याला टोपी चुकवायची नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते, पुतण्यालाही. ग्रॅनाइटची पाटी मोठी होती. ती बसेना म्हणून गवंड्याने वरच्या फरश्या छिन्नीने उडवल्या आणि तांबड्या अक्षरांवर सिमेंट फासले. तासाभराचे काम. दुपारच्या बसने शाबामामा उतरले तेव्हा निळीपांढरी खापरे गटारात पडली होती, आणि भिंतीवर त्यांच्या मुलाचे नाव सोनेरी अक्षरांत चमकत होते.

मी धावत गेले. ते गटारात उतरून तुकडे वेचत होते.

"मामा, माजी चूक जाली."

त्यांनी वर पाहिले नाही. "पत्रक बरां होतां," म्हणाले. "कागदय जाड. टोपयेक उपयोगी पडात."

कुणी मारले असते तर मला बरे वाटले असते.

कचेरीतल्या सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी ते तुकडे पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून आणले होते, टोपीचा पुठ्ठा करतात तसेच, नीट, कडेला कड जुळवून. मधली चार अक्षरे मिळाली नव्हती. तिथे तेवढीच जागा मोकळी सोडली होती. त्यांनी तो पुठ्ठा टेबलावर ठेवला. समोरच्या वकिलाने तो उलटसुलट केला.

"ह्यो फरश्यो खंयच्याय आसू येतत," तो म्हणाला.

जुने फोटो होते. एका लग्नाच्या वरातीत पाटी दिसत होती, पण घर दिसत नव्हते. अधिकारी भला माणूस असावा. त्याने विचारले, घर जुने आहे हे सांगणारे कुणी साक्षीदार आहेत का?

साक्षीदार. या माणसाने गावातल्या निम्म्या घरांत बाराव्याची टोपी दिली होती. पुढच्या तारखेआधी ते अकरा घरी गेले. मी दारापर्यंत असायचे. प्रत्येक ठिकाणी त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. एकाचा ट्रक खनिजावर चालत होता. एकाच्या मुलाला बिल्डरने सुपरवायझर केले होते. एक म्हणाला, "मामा, तुमका आमी खंय टाकतलो?" आणि तारीख कोणती ते विचारले नाही. कुठेही त्यांनी टोपी काढली नाही. मला वाटायचे, काढावी, एकदा तरी, म्हणजे निदान या लोकांना लाज वाटेल.

तारखेला एकच जण आला. सुतारांचा गजानन. कचेरीच्या पायऱ्यांपर्यंत आला, आत बसलेला पुतण्या त्याला दिसला, आणि मोबाइल कानाला लावून तो परत फिरला. शाबामामा त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"तेचां माप बावीस," ते म्हणाले. "बापाशीच्या बाराव्याक रडता रडता माझो हात धरून म्हणालो होतो, मामा, काय लागलां तर सांग."

निकाल विरुद्ध गेला. वर अपील करू, असे वकील म्हणाला. शाबामामांनी पुठ्ठा काखेत घेतला आणि म्हणाले, "पुरे. आता दाखवूक काय नाय."

घर पाडायला यंत्र आले तेव्हा एक विचित्र गोष्ट घडली. छप्पर गेले, खोल्या गेल्या, पण कोपऱ्याशी येऊन यंत्र थांबले. ग्रॅनाइटच्या पाटीला हात लावायला चालक तयार होईना. कंत्राटदाराने बिल्डरला फोन लावला. कंत्राटदाराच्या खिशात माझे पत्रक होते. त्याने त्यातली ठळक ओळ मोठ्याने वाचून दाखवली. गाव माफ करणार नाही. शेवटी पाटीभोवतालची चार हात भिंत ठेवून बाकीचे सगळे सपाट केले. ती अजून तशीच आहे. नव्या इमारतीच्या फाटकाशी, मागे काही नसलेली भिंत.

शाबामामा दोडामार्गला मुलीकडे गेले. सामान म्हणजे कलबुतांचे एक पोते, पट्ट्यांचा जुडगा आणि टोपीसकट एक ठोकळा, तो त्यांनी पोत्यात घातला नाही, मांडीवर घेतला.

पुढच्या वर्षी बाबा गेले. छातीत धूळ भरली होती. डॉक्टरांनी त्याला वेगळे नाव दिले. मी आईबाबांची एकुलती. अग्नी मीच दिला, त्यावर नातेवाइकांत थोडी कुजबुज झाली आणि थांबली. बाराव्याला मात्र सगळे अडले. वास्कोचा माझा मामा टोपी आणायला विसरला होता, की विसरल्यासारखे करत होता. मुलगा नाही तर टोपी कुणाला? चुलतभावाला घालावी, असे ठरत होते. तेवढ्यात सकाळच्या बसने शाबामामा आले. कुणी कळवले होते, ठाऊक नाही. पूर्वीहून वाकलेले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली टोपी त्यांनी माझ्या मामाच्या हातात दिली.

"घाल चेडवाक," ते माझ्याकडे बोट करून म्हणाले.

"शाबामामा, चेडवाक टोपी?" मामा गोंधळला.

"आगीन कोणी दिली?"

"तिणांच."

"मगे?"

भटजींनी वर पाहिले, पुन्हा खाली पाहिले. मामाने टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. ती अशी बसली जसे कुणी दोन्ही हातांनी डोके धरावे. मी विचारले, "माप खंय गावलां?"

"चवथीत शाळेच्या नाटकाक घेतल्लां. खिळ्यार होतां. दोन बोटां वाढयलंय." मग टोपीची कड सारखी करत, "डोक्यां तितक्याच वाढता. बाकीचां वाढूक वेळ लागता."

टोपी नेहमीपेक्षा जाड होती. आत कुठला कागद घातला आहे, हे मी विचारले नाही.

ते जेवायला थांबले नाहीत. आईने डबा भरून मला मागून पाठवले. बसथांबा डावीकडे होता. शाबामामा उजवीकडे वळलेले मला दिसले. मी हाक मारणार होते, पण मारली नाही.

ते भिंतीपाशी उभे होते. ट्रक अजून चालूच होते आणि ग्रॅनाइटवर तांबड्या धुळीचा थर बसला होता. संदेशच्या नावाची सोनेरी अक्षरे बुजून गेली होती. शाबामामांनी आजूबाजूला पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली. मी त्यांचे उघडे डोके जन्मात पहिल्यांदा पाहिले. केस जवळजवळ नव्हते. कपाळाचा वरचा भाग उन्हाने कधी न पाहिलेला, पांढराफटक, लहान मुलासारखा. त्या टोपीने ते पाटी पुसू लागले. आधी सगळी, मग एकेक अक्षर, टोपीची कड खाचेत घालून, कापडाला शिवण घालताना करायचे तसे सावकाश. आडनावापाशी आले तेव्हा बसचा हॉर्न ऐकू आला. त्यांनी घाई केली नाही. शेवटचे अक्षर पुसले, टोपी न झटकता तशीच डोक्यावर चढवली, आणि तांबडी टोपी घातलेला तो माणूस थांब्याकडे चालू लागला.

डबा माझ्या हातातच राहिला.